डॉलरचं नाणं कुणाला हवंय?

दोस्तांनो, हा प्रसंग तुमच्यापैकी बऱ्याच जणांवर आला असेल. आईनं कोथिंबीर आणायला पाठवलेलं असतं, मुठीत दहा रुपयांचं नाणं असतं. भाजीवाल्या मावशी ते नाणं उलटसुलट करून बघतात आणि पुन्हा तुमच्याच हातावर ठेवतात. "हे नको रे बाळा, चालत नाही. नोट आण." कुणीतरी त्यांना सांगितलेलं असतं, की दहा रेघांचं नाणं खरं आणि पंधरा रेघांचं खोटं. रिझर्व्ह बँकेनं २०१८ च्या जानेवारीत जाहीर करून टाकलं, की दहाच्या नाण्याचे तोवर निघालेले चौदाही प्रकार खरेच आहेत. पण मावशींना कोण समजावणार? तुम्ही आपले हात हलवत घरी!

आता अशी कल्पना करा, की या मावशींसारखा एक अख्खा देशच एका नाण्याला 'नको' म्हणतोय. एक-दोन वर्षं नव्हे, १९७९ पासून. तो देश म्हणजे अमेरिका आणि ते नाणं म्हणजे एक डॉलरचं नाणं. सरकारनं नाण्याचा रंग बदलला, त्यावरची माणसं बदलली, जाहिराती केल्या. लोक मात्र खिशातली मळकी, चुरगळलेली एक डॉलरची नोट सोडायला तयार नाहीत.

खरं तर नोटेऐवजी नाणं वापरावं, हे म्हणणं वेडगळ मुळीच नव्हतं. १९९० च्या दशकात अमेरिकेतली एक डॉलरची नोट जेमतेम दीड वर्ष टिकायची. नाणं आरामात तीस वर्षं चालतं. नोट पुन्हा पुन्हा छापत बसण्यापेक्षा नाणं एकदाच पाडावं, हा सरळ हिशोब. मग घोडं अडलं कुठे?

सुझनबाईंचं दुर्दैव

पहिलं नाणं आलं १९७९ साली. त्याच्या आधीचं डॉलरचं नाणं चांगलं मोठं, ३८ मिलिमीटर व्यासाचं होतं. ते खिशात घेऊन फिरणार कोण? म्हणून नवं नाणं लहान करायचं ठरलं. त्यावर सुझन बी. अँथनी यांचं चित्र होतं. या बाई मोठ्या धीराच्या. अमेरिकेत बायकांना मतदानाचा हक्क नव्हता, तेव्हा १८७२ साली त्यांनी सरळ जाऊन मत दिलं. त्यांना अटक झाली, खटला चालला आणि शंभर डॉलर दंड झाला. तो त्यांनी शेवटपर्यंत भरला नाही! बायकांना हक्क मिळाला १९२० मध्ये. सुझनबाई १९०६ मध्येच गेल्या होत्या.

इतक्या मोठ्या बाईंच्या नाण्याची मात्र फजिती झाली. त्याचा व्यास होता २६.५ मिलिमीटर. अमेरिकेत पाव डॉलरचं एक नाणं असतं, त्याला क्वार्टर म्हणतात. आपल्या जुन्या पावलीचाच भाऊ म्हणा ना! (पावली म्हणजे काय, ते आजोबांना विचारा.) या क्वार्टरचा व्यास २४.२६ मिलिमीटर. दोघांत फरक अवघा सव्वादोन मिलिमीटरचा. रंग तोच, धातूही तोच, आणि कडेवरचे खाचेही तसेच. लोक घाईघाईत क्वार्टर समजून डॉलर देऊन बसायचे. पंचवीस पैशांऐवजी रुपया गेला, तर तुम्ही तरी ते नाणं खिशात ठेवाल का?

गंमत म्हणजे हे नाणं अकरा कोनी करावं, अशी मूळ कल्पना होती. मग ते बोटांना अंधारातही कळलं असतं. पण नाणं टाकलं की शीतपेय किंवा चॉकलेट देणारी यंत्रं बनवणाऱ्या मंडळींनी हरकत घेतली. त्यांच्या यंत्रांना गोल नाणंच हवं होतं. शेवटी नाणं गोल झालं, आणि अकरा कोन नाण्याच्या आतल्या बाजूला नुसते चित्रात उरले! पहिल्याच वर्षी पंचाहत्तर कोटींवर नाणी पाडली गेली. त्यांतली बरीचशी तिजोऱ्यांत पडून राहिली आणि १९८१ नंतर काम थांबलं.

सोनेरी नाणं, पण...

२००० साली अमेरिकेनं पुन्हा कंबर कसली. या वेळी नाणं सोनेरी केलं. त्यात सोनं नव्हतं हं, वरचा थर मँगनीज घातलेल्या पितळेचा होता. आता क्वार्टरशी घोटाळा व्हायचं कारणच उरलं नाही. नाण्यावर होती साकागाविया, शोशोनी या आदिवासी जमातीतली मुलगी. १८०५ मध्ये लुईस आणि क्लार्क या दोघांची तुकडी पश्चिमेकडचा मुलूख शोधत पॅसिफिक महासागराकडे निघाली. साकागाविया त्यांच्याबरोबर दुभाषी म्हणून होती. वय असेल सोळा-सतरा, पाठीवर काही आठवड्यांचं बाळ. तिचं खरं चित्र कुठेच नाही. म्हणून शिल्पकार बाईंनी शोशोनी जमातीतल्याच एका विद्यार्थिनीला समोर बसवून चेहरा घडवला. पाठीवरचं झोपलेलं बाळही नाण्यावर आलं. माझ्या मते हे अमेरिकेच्या सर्वांत सुंदर नाण्यांपैकी एक आहे.

जाहिरातही जोरात झाली. सकाळच्या नाश्त्याच्या खाऊच्या खोक्यांतून काही नाणी भेट म्हणून टाकली होती. पोरांनी खोकी उपसली असणार! लोकांनी नाणी हौसेनं घेतली... आणि कपाटात ठेवून दिली. आठवण म्हणून. दुकानात मात्र पुन्हा नोटच. त्या एका वर्षात सव्वाशे कोटींहून जास्त नाणी पाडली होती. २००२ पासून ती फक्त संग्राहकांसाठी पाडायची वेळ आली.

तरी हौस फिटली नाही. २००७ पासून दिवंगत राष्ट्राध्यक्षांच्या चित्रांची नाणी सुरू झाली, वर्षाला चार. ती पाडायचीच असा कायदा होता, मग कुणाला हवी असोत वा नसोत! लोकांनी नाणी वापरावीत म्हणून सरकार ती टपालानं घरपोच पाठवू लागलं, तीही पाठवणावळ न घेता. काही बिलंदर लोकांनी त्यातून वेगळीच वाट काढली. तिकडे क्रेडिट कार्डानं खरेदी केली, की विमानप्रवासाचे गुण मिळतात. यांनी कार्डावर हजारो डॉलरची नाणी मागवली, खोकी तशीच बँकेत नेऊन भरली आणि त्याच पैशांतून कार्डाचं बिल चुकतं केलं. वर फुकटात विमानप्रवास! नाणी खोक्यातून बाहेरसुद्धा पडली नाहीत. २०११ मध्ये सरकारनं कार्डावर नाणी देणं बंद केलं.

त्याच वर्षाच्या डिसेंबरात आकडा जाहीर झाला. मध्यवर्ती बँकेच्या तिजोऱ्यांत डॉलरची १४० कोटी नाणी पडून होती. आजच्या भारतातल्या जवळजवळ प्रत्येक माणसाला एकेक वाटता येईल, इतकी! सर्वसाधारण वापरासाठी ही नाणी पाडणं तेव्हापासून थांबलं.

शेजाऱ्याला कसं जमलं?

तुम्ही म्हणाल, अमेरिकन लोकांना नाणीच आवडत नसतील. पण सीमा ओलांडून कॅनडात गेलात, तर डॉलरचं नाणं सगळे बिनतक्रार वापरतात. त्याची गोष्ट तर रहस्यकथेसारखी आहे. १९८६ मध्ये कॅनडाच्या नव्या नाण्याचे मूळ साचे ओटावाहून विनिपेगच्या टाकसाळीत पाठवले गेले. चार पैसे वाचावेत म्हणून साध्या कुरियरनं! साचे वाटेत गायब झाले. ते आजतागायत सापडलेले नाहीत. चोरानं खोटी नाणी पाडली तर? म्हणून चित्रच बदललं आणि होडीतल्या माणसांच्या जागी लून नावाचा पाणपक्षी आला. लोकांनी नाण्याचं नाव ठेवलं 'लूनी'.

आता मजा बघा. लूनीचा व्यासही २६.५ मिलिमीटरच, थेट सुझनबाईंच्या नाण्याएवढा. कोन मात्र खरोखरच अकरा, आणि रंग सोनेरी. पण माझ्या मते कॅनडाला यश मिळालं ते कोनांमुळे किंवा रंगामुळे नव्हे. नाणं १९८७ साली आलं आणि १९८९ मध्ये कॅनडानं एक डॉलरची नोट काढणंच बंद केलं. लोक कुरकुरले, आणि पुढे विसरले. ब्रिटननं १९८३ मध्ये पौंडाचं नाणं आणलं आणि १९८८ मध्ये बँक ऑफ इंग्लंडची पौंडाची नोट रद्द केली. अमेरिकेनं नाणं आणलं तीन-तीनदा, पण नोटेला हात लावला नाही. दोन्ही समोर असताना माणूस सवयीचं तेच उचलतो. त्यात आठ ग्रॅमच्या नाण्यासमोर एक ग्रॅमची नोट!

आपल्याकडे तरी वेगळं काय झालं? तुमच्या आईबाबांना त्या फाटक्या, चिकटपट्टी लावलेल्या, प्लास्टिकच्या पाकिटात घातलेल्या दोनाच्या नि पाचाच्या नोटा नक्की आठवत असतील. एक रुपयाच्या नोटेची छपाई १९९४ मध्ये थांबली, दोन आणि पाचाच्या नोटांची १९९५ मध्ये. (एकाची नोट २०१५ मध्ये पुन्हा निघाली, पण ती बाजारात दिसते कुठे?) नोटा आटल्या तशी नाणी हातात रुळली. दहाचं नाणं २००९ मध्ये बाजारात आलं, पण दहाची नोटही चालूच राहिली. म्हणून तर मावशी म्हणू शकतात, "नोट आण."

हिशोबच उलटा झाला

मग अमेरिकेनं नोट बंद का नाही केली? लोक रागावतील ही भीती होतीच. शिवाय दोन्हीकडून ओढणारे बसले होते. डॉलरच्या नोटेचा कागद आपल्या वहीसारखा लाकडाच्या लगद्याचा नसतो. त्यात तीन भाग कापूस आणि एक भाग लिनन असतं. तो १८७९ पासून क्रेन नावाची कंपनी पुरवते, मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या डाल्टन गावातून. त्या राज्यातले पुढारी अर्थातच नोटेच्या बाजूचे. नाण्यात बहुतांश तांबं असतं. तांब्याच्या खाणी ॲरिझोना राज्यात, म्हणून तिथले पुढारी नाण्याच्या बाजूचे!

आपल्याकडे सरकारी खर्च तपासायला 'कॅग' आहे, तसं अमेरिकेत 'गाओ' नावाचं कार्यालय आहे. गाओनं २०११ मध्ये सांगितलं, की नोट बंद करून नाणं आणलं तर तीस वर्षांत साडेपाच अब्ज डॉलरचा फायदा होईल. पण हा फायदा नोटा छापण्याचा खर्च वाचून होणार नव्हता. तो जरा गमतीचा आहे. समजा, तुम्ही एक चिठ्ठी लिहिलीत, 'ही आणून देईल त्याला मी एक वडापाव देईन', आणि ती देऊन मित्राकडून पेन घेतलंत. मित्रानं ती चिठ्ठी डब्यात टाकली आणि विसरून गेला. तुम्हाला पेन मिळालं, वडापाव द्यायची वेळ काही आली नाही! सरकारचं नाण्यांबाबत असंच होतं. लोक नोटा खिशात ठेवतात, पण नाणी डब्यांत, बरण्यांत, सोफ्याच्या फटीत जातात. म्हणून एका नोटेच्या जागी दीड नाणं लागेल, असं गाओनं धरलं होतं. त्या बरणीत अडकलेल्या नाण्यांवर सरकारचा फायदा. थोडक्यात, तो पैसा लोकांच्याच खिशातून येणार होता.

आणि पुढे नोटेनं सगळ्यांनाच चकवलं. ती जास्त जगू लागली! पूर्वी मध्यवर्ती बँकेची यंत्रं चांगल्या नोटाही फाडून टाकत. उलट्या तोंडानं आत गेलेली धडधाकट नोटसुद्धा मोडीत निघायची. ही पद्धत बदलली, यंत्रं हुशार झाली. गाओच्या हिशोबानं २०११ मध्ये नोटेचं आयुष्य ३.३ वर्षं होतं, ते २०१७ पर्यंत ७.९ वर्षांवर गेलं. त्यामुळे २०१९ मध्ये त्याच गाओनं नवा हिशोब मांडला. आता नाणं आणलं, तर तीस वर्षांत फायदा सोडाच, किमान ६१ कोटी डॉलरचा तोटा होईल!

म्हणजे पैशांपुरतं बोलायचं, तर अमेरिकेनं आज नोट ठेवावी हेच बरोबर. नाणं म्हटलं की ते स्वस्तच, असंही नाही. तिथलं एक सेंटचं नाणं पाडायला तीन सेंटांहून जास्त खर्च यायचा. वापरासाठीचा शेवटचा सेंट १२ नोव्हेंबर २०२५ ला फिलाडेल्फियात पाडला गेला.

पण एक गोष्ट मला तरी या हिशोबात सापडत नाही. एक डॉलरपासून शंभर डॉलरपर्यंत अमेरिकेच्या सगळ्या नोटा एकाच आकाराच्या आहेत. डोळे मिटून ओळखून दाखवा! आपल्या नोटा लहानमोठ्या असतात, शंभरापासून पुढे कडेला उठावदार रेघाही असतात. अमेरिकेतल्या अंध माणसाला प्रत्येक नोट वेगळ्या प्रकारे घडी घालून ठेवावी लागते, आणि मोड परत देणाऱ्यावर विश्वास ठेवावा लागतो. तिथल्या अंधांच्या संघटनेनं सरकारवर खटला भरला आणि २००८ मध्ये वॉशिंग्टनच्या अपील न्यायालयात तो जिंकलाही. डॉलरचं नाणं बोटांना लगेच कळतं. निदान सर्वांत जास्त हाताळल्या जाणाऱ्या पैशाचा तरी प्रश्न त्यानं सुटला असता. मला विचाराल, तर नाण्याच्या बाजूनं हा सर्वांत वजनदार मुद्दा आहे, आणि वर्षानुवर्षांच्या भांडणात तोच सर्वांत कमी ऐकू आला.

आता साकागावियाचं काय झालं, तेही सांगायला हवं. दक्षिण अमेरिकेत इक्वेडोर नावाचा देश आहे. २००० मध्ये त्यानं स्वतःचं चलन सोडून अमेरिकेचा डॉलरच स्वीकारला. घामट हातांतून आणि पावसापाण्यातून फिरून तिथल्या छोट्या नोटांच्या चिंध्या व्हायच्या. म्हणून ही सोनेरी नाणी तिकडे पाठवली गेली, आणि तिथल्या लोकांना ती एकदम पसंत पडली! तिथल्या डोंगराळ भागातल्या बायकाही बाळाला पाठीशी बांधूनच बाजाराला येतात. मक्याची कणसं, बटाटे, केळी मोजून देतात आणि साकागावियाचं नाणं कनवटीला लावतात. "हे चालत नाही," असं तिथे तिला कुणी म्हणत नाही.