मंटोची गोष्ट आणि आमची आत्या

"सर, या पुस्तकावर बंदी होती ना?" गेल्या पावसाळ्यात तास संपल्यावर एका विद्यार्थ्याने मला वर्गाच्या दारातच गाठले. हातात सआदत हसन मंटोच्या कथा. माझ्या तासाला या मुलाच्या डोळ्यांत अशी चमक मी कधी पाहिली नव्हती! बंदी या शब्दाची ओढच तशी. वडिलांच्या कपाटातली, वर्तमानपत्रात गुंडाळलेली पुस्तके आम्हीही लहानपणी अशीच हुडकून काढली होती.

मी त्याला हकिकत सांगितली. मंटोवर अश्लीलतेचे सहा खटले झाले. तीन फाळणीपूर्वी, तीन पाकिस्तानात. पूर्वीच्या खटल्यांतल्या 'बू' कथेची नायिका तर मुंबईत पोट भरायला आलेली घाटावरची, म्हणजे आपल्याच मुलखातली पोर. जानेवारी १९४८ मध्ये मुंबई सोडून तो लाहोरला गेला आणि त्याच वर्षी 'खोल दो' छापणारे 'नुकूश' सरकारने सहा महिने बंद पाडले. 'ठंडा गोश्त'बद्दल खालच्या कोर्टाने तीन महिने सक्तमजुरी आणि ३०० रुपये दंड ठोठावला. अपिलात तो सुटला, हायकोर्टाने दंड पुन्हा बसवला.

आता या कथांत आहे काय? 'खोल दो'मध्ये डॉक्टर खिडकी उघडायला सांगतो आणि अर्धमेल्या मुलीचे हात आपसूक स्वतःच्या सलवारीच्या नाडीकडे जातात. 'ठंडा गोश्त'मधला ईशरसिंग दंगलीत एक भयंकर कृत्य करून येतो आणि त्याचे शरीरच त्याला दगा देते. मनावरचा घाव शरीर कसे बोलून दाखवते, ते डॉक्टरांच्या पुस्तकांतूनही क्वचितच इतके स्वच्छ कळेल. बचावाच्या साक्षीदारांत मानसशास्त्राचे एक प्राध्यापक होते, ते उगाच नव्हे. कोर्टाने मात्र नाडी पाहिली. घाव पाहिला नाही.

पुढे दारूच्या व्यसनापायी मंटोला स्वतःलाच लाहोरच्या वेड्यांच्या इस्पितळात राहावे लागले. 'टोबा टेकसिंग' ही त्याची कथा अशाच इस्पितळातली. दोन्ही देश वेड्यांची वाटणी करतात, ही कल्पना कोणाला कवीची वाटेल. पण १९५० साली अशी अदलाबदल खरोखरच झाली. कथेतला बिशनसिंग पंधरा वर्षे उभाच आहे, पाय सुजलेत, बोलणे असंबद्ध. पण घरची माणसे भेटीला यायची असली की हा नेमका त्या दिवशी साबण लावून अंघोळ करतो, तेल घालून केस विंचरतो. फाळणी होते आणि भेटायला येणारे थांबतात.

इथे माझा आवाज अडला. कारण सांगतो.

१९८९ साली मी चौथीत असताना आमच्या आत्याला इस्पितळात ठेवले. तेव्हा कायदा १९१२चाच होता, 'इंडियन ल्यूनसी ॲक्ट'. मंटोचा जन्मही त्याच सालचा! शेजारी विचारत, तेव्हा आजी सांगे, "गावाला गेलीय." वडिलांबरोबर मी दोनदा गेलो. दोन्ही वेळा आत्या वेणी घालून, पावडर लावून बाकावर बसलेली. पुढे माझी परीक्षा आली, मग चुलतबहिणीचे लग्न ठरायचे होते, मग कुणी तिचे नावच घेईना. कपाटातली पुस्तके निदान आम्ही चोरून वाचत तरी होतो. २००३ साली ती गेल्याची तार नव्हे, फोन आला. मी तेव्हा एम.ए. होऊन मराठीचा मास्तर झालो होतो आणि 'टोबा टेकसिंग' दोनदा वाचली होती. एकदाही मला आत्या आठवली नव्हती.

यातले फारसे मी त्या मुलाला सांगितले नाही. पण तो गेला नाही. पुस्तकाचा कोपरा मुडपत म्हणाला, "सर, माझा दादा... वर्षभर खोलीबाहेर येत नाही. आई म्हणते, कुणाला बोलू नकोस."

जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराचे डॉक्टर बसतात, एवढे मला ठाऊक होते. गुरुवारी तिघांनी जायचे ठरवून मी सकाळीच त्यांच्या घरी गेलो. आईने दार उघडले आणि पदराने डोळे पुसत बाजूला झाली. दादा ओसरीवर बसला होता. अंघोळ केलेली होती, केस ओले होते, मधोमध भांग पाडला होता.