नव्या औषधाची कसोटी



आमवात हा शब्द आपण फार सैल अर्थानें वापरतों. गुडघा दुखला कीं आमवात, आणि पावसाळ्यांत कंबर धरली तरीहि आमवातच. परंतु डॉक्टर ज्याला ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस म्हणतात, तो व्याधि निराळा आहे. परक्या जंतूंशीं लढण्यासाठीं शरीरानें बाळगलेल्या पेशी ह्या रोगांत स्वतःच्याच सांध्यांच्या अस्तरावर तुटून पडतात. सांधे सुजतात, सकाळीं बराच वेळ ताठ राहतात, आणि वेळीं उपाय न झाल्यास बोटें कायमचीं वांकडीं होतात. ज्या हातांना कणीक मळतां येत नाहीं कीं दाराची कडी काढतां येत नाहीं, त्या हातांचें दुःख केवळ दुखण्याचें नसतें. तें पराधीनतेचें असतें.

ह्या रोगावरील उपायांची परंपरा मोठी आहे. १९४८ सालीं अमेरिकेंत डॉ. फिलिप हेंच यांनीं कॉर्टिसोन प्रथम वापरलें, तेव्हां खिळलेले रोगी चालूं लागले. पण दीर्घकाळ घेतल्यास तें हाडें ठिसूळ करतें, हेंहि पुढें दिसलें. नंतर आठवड्यांतून एकदां अल्प मात्रेंत द्यावयाचें मेथोट्रेक्सेट रूढ झालें. १९९० नंतरच्या दशकांत लंडन येथें मार्क फेल्डमन व रविंदर मैनी यांनीं दाह पेटविणारा एक पदार्थ अडविला असतां सूज उतरते, असें दाखविलें. त्यांतून इन्फ्लिक्सिमॅब, एटानर्सेप्ट अशीं जैविक औषधें आलीं. हीं औषधें साध्या रसायनांप्रमाणें बनत नाहींत. तीं जिवंत पेशींकडून करवून घेतलेलीं प्रथिनें होत.

परंतु ह्या औषधांनींहि ज्यांना पुरेसा गुण आला नाहीं, त्यांनीं काय करावें? २००५ सालीं प्रसिद्ध झालेली अबाटसेप्ट ह्या औषधाची परीक्षा नेमक्या अशाच रोग्यांवर झाली होती. बँकेंतील कप्पा उघडण्यास दोन किल्ल्या लागतात, तशा शरीरांतील टी नांवाच्या पेशी जागृत होण्यास दोन इशारे लागतात. अबाटसेप्ट दुसरा इशारा अडवितें.

आतां कोणी म्हणेल, "रोगी बरा झाला कीं औषध चांगलें, हातच्या कांकणाला आरसा कशाला?" पण हा रोग भरती-ओहोटीसारखा आहे. रोगी येतो तो बहुधा भरतीच्या वेळीं. पुढें ओहोटी आपोआप लागली, तरी श्रेय औषधाला मिळतें. शिवाय आशेनेंहि कांहीं काळ बरें वाटतें. म्हणून तुलना हवी.

ह्या परीक्षेंत २५८ जणांना शिरेंतून अबाटसेप्ट दिलें, व १३३ जणांना तसेंच दिसणारें पण औषधरहित द्रव दिलें. कोणाला काय मिळावें हें चिठ्ठीप्रमाणें दैवावर सोपविलें होतें. तें रोग्याला ठाऊक नव्हतें, आणि तपासणाऱ्या डॉक्टरलाहि नव्हतें. उत्तरपत्रिकेवर नांव न घालतां क्रमांक कां घालतात, हें आम्हां शिक्षकांना सांगावयास नको. परीक्षक प्रामाणिक असला तरी त्याची लेखणी ममतेनें कलते.

गुण मोजण्याची रीतहि ठरलेली होती. दुखरे व सुजलेले सांधे निदान पांचव्या हिश्शानें कमी व्हावेत, आणि वेदना, दैनंदिन हालचाल, रक्तांतील दाहाचें मान अशा आणखी पांच बाबींपैकीं तिहींत तितकीच सुधारणा व्हावी. सहा महिन्यांनीं ही कसोटी औषध घेणाऱ्यांपैकीं शेंकडा ५०.४ जण उतरले. औषधरहित गटांतून शेंकडा १९.५. निम्म्यानें सुधारणा ही कडक कसोटी लावली, तर प्रमाण शेंकडा २०.३ व ३.८ असें पडलें.

हे आंकडे नीट वाचले पाहिजेत. औषधाचें खरें श्रेय पन्नास नव्हे; पन्नासांतून एकोणीस वजा जातां राहतात ते सुमारें एकतीस. आणि जवळजवळ निम्म्या रोग्यांना इतकाहि गुण आला नाहीं. तरीहि ज्यांचे पूर्वींचे उपाय थकले होते, त्यांच्या दृष्टीनें हा लाभ लहान नव्हता. त्याच वर्षाच्या डिसेंबरांत अमेरिकेनें ह्या औषधास मान्यता दिली.

एक प्रश्न मात्र मनाला टोंचतो. कण्हणाऱ्या माणसाला सहा महिने औषधरहित द्रव देणें न्यायाचें आहे काय? येथें दोन गोष्टी लक्षांत घ्याव्या. दोन्ही गटांचीं मेथोट्रेक्सेटसारखीं जुनीं औषधें चालूच होतीं. आणि मुदत संपल्यावर पुढील टप्प्यांत सर्वांना अबाटसेप्ट घेण्याची वाट मोकळी होती. तरीहि ज्यांनीं ते सहा महिने सोसले, त्यांचें ऋण पुढील प्रत्येक रोग्यावर आहे.

आपल्याकडेहि अशा परीक्षा होतात. २०१९ च्या नियमांप्रमाणें सहभागी होणाऱ्याची समजून दिलेली संमति आवश्यक आहे, आणि परीक्षेमुळें इजा झाल्यास उपचार मोफत मिळावयाचे आहेत. म्हणून कोणी विचारल्यास घाबरूं नये, व भुलूंहि नये. मला औषधरहित गटांत पडण्याचा संभव किती? माझीं चालू औषधें बंद होणार काय? हीं औषधें प्रतिकारशक्ति कमी करतात. तेव्हां शरीरांत लपलेल्या क्षयाची तपासणी आधीं केली काय? परीक्षा संपल्यावर औषध कोण देणार? हे प्रश्न विचारणें हा उद्धटपणा नव्हे. ज्याच्या देहावर परीक्षा व्हावयाची, त्यानें प्रश्नपत्रिका आधीं वाचून घेणें हा त्याचा हक्कच आहे.