‘पेरिकार्डियम’ आपल्याला परकं कसं?

वाशिमच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं उद्घाटन ऑक्टोबर २०२४ मध्ये झालं. मराठी शाळेतून शिकून अशा महाविद्यालयात पोचलेल्या मुलापुढे पहिल्याच वर्षी शरीररचनाशास्त्राचं जाडजूड पुस्तक येतं आणि ‘आपलं इंग्रजी कच्चं’ असं म्हणत ते घोकंपट्टीला लागतं. हे निदान चुकलेलं आहे. त्या पुस्तकातली धडकी भरवणारी नावं मुळात इंग्रजी नाहीतच. प्राचीन वैद्य गेलननं ग्रीकमध्ये लिहिलं, व्हेसेलियसनं १५४३ साली शरीररचनेवरचा आपला ग्रंथ लॅटिनमध्ये छापला. इंग्रजीनं हा सगळा ऐवज उसना घेतला. ‘हेपाटायटिस’ हा शब्द लंडनच्या पोरालाही आईच्या दुधाबरोबर मिळत नाही, त्यालाही तो पाठच करावा लागतो.

उलट मराठी मुलाच्या गाठीला थोडं भांडवल जास्त असतं. ग्रीक, लॅटिन आणि संस्कृत एकाच कुळातल्या असाव्यात, हे भाषाभ्यासक विल्यम जोन्सनं १७८६ मध्ये कलकत्त्यात सांगितलं होतं, आणि वैद्यकाच्या पुस्तकात त्याचे पुरावे पानोपानी सापडतात. ग्रीक ‘पेरि’ म्हणजे आपल्या परिसरातला, परिक्रमेतला ‘परि’. ‘हायपर’ हा ‘उपरि’चा भाऊ, ‘हायपो’ हा ‘उप’चा. ‘ऑस्टिऑन’ आणि अस्थि, लॅटिन ‘जेनू’ आणि जानु, इतकंच काय, ‘हेपार’ आणि यकृत्‌सुद्धा सख्खे. कानाला मुळीच वाटत नाहीत, पण आहेत. ‘अनीमिया’तला नकारार्थी ‘अन्’ तर ‘अनावश्यक’मध्ये रोजच भेटतो. पेरिकार्डायटिस म्हणजे हृदयाभोवतीच्या आवरणाचा दाह, हे समासाचा विग्रह येणाऱ्याला एकदा फोड करून दाखवलं की पुरे.

यावर जाणकार हरकत घेतील की शब्दाचं मूळ म्हणजे त्याची व्याख्या नव्हे. हरकत रास्त आहे. ‘आर्टरी’ हे नाव रूढ झालं तेव्हा या नळ्यांतून हवा वाहते असा समज होता, कारण प्रेतात त्या बहुधा रिकाम्या दिसत. ‘मलेरिया’ म्हणजे खराब हवा. रोनाल्ड रॉसनं १८९७ मध्ये सिकंदराबादला डासाच्या पोटात त्याचा जंतू दाखवला, तरी नाव तेच राहिलं. लॅटिन ‘मेल’ म्हणजे मध. ‘डायबिटीस मेलिटस’मधला मेलिटस आणि मधुमेह यांचा अर्थ जुळतो, पण ‘मेल’ आणि ‘मधु’ यांचं नातं काही नाही. तेव्हा व्युत्पत्तीवरून रोग ओळखायला कुणी जाऊ नये. तिचा उपयोग शब्द लक्षात ठेवण्यापुरता, आणि तोही थोडाथोडका नव्हे. हायपोग्लायसेमिया आणि हायपरग्लायसेमिया यांत एक-दोन अक्षरांचाच फरक. साखर उतरली की चढली यात घोळ झाला तर रोग्याच्या जिवाशी गाठ. ‘उप’ आणि ‘उपरि’ ज्याच्या डोक्यात पक्के आहेत, त्याचा हा घोळ होण्याची शक्यता कमी.

मग सरसकट संस्कृत परिभाषाच का नको? मध्य प्रदेशनं ऑक्टोबर २०२२ मध्ये एमबीबीएसची हिंदी पुस्तकं काढली, त्यांतही बऱ्याच संज्ञा देवनागरीत जशाच्या तशा ठेवाव्या लागल्या. त्यात कमीपणा नाही. जगभरचे शोधनिबंध त्याच संज्ञांत लिहिले जातात. शिवाय वाशिम जिल्ह्यातल्या मानोऱ्याच्या शेतकऱ्याला ‘यकृतदाह’ हा ‘हेपाटायटिस’इतकाच दुर्बोध, तो कावीळच म्हणणार. जाणकारांसाठी एक भाषा आणि लोकांसाठी दुसरी, ही दुहेरी सोय वाशिमला नवी नाही. वत्सगुल्म म्हणजे आजचं वाशिम. तिथल्या वाकाटक राजघराण्यातल्या दुसऱ्या विंध्यशक्तीचा चौथ्या शतकातला ताम्रपट वाशिमलाच सापडला. त्यात राजाची वंशावळ संस्कृतात आहे आणि प्रत्यक्ष दानाचा मजकूर प्राकृतात. डिस्चार्ज कार्डही तसंच लिहिता येईल: वर ‘रीनल कॅल्क्युलस’, खाली ‘मुतखडा, पाणी भरपूर प्या’. ‘कॅल्क्युलस’ म्हणजे लॅटिनमध्ये खडाच.