पुण्यात जेवायला बसताय? बिलावरची एकेक ओळ आधी समजून घ्या

जून महिना लागला की आपल्याकडच्या एसटीत आणि पीएमपीत एक ठरलेली गर्दी दिसते. मुलांची पुस्तकं घ्यायला निघालेले आई-बाप. पुस्तकं म्हणजे अप्पा बळवंत चौक आणि अप्पा बळवंत चौक म्हणजे बुधवार पेठ. कुणाला मोटारीचा स्टार्टर आणि वायर घ्यायची असते, तो तपकीर गल्लीत शिरतो. बायकांना तुळशीबाग करायची असते. आणि दगडूशेठ गणपतीचं दर्शन घेतल्याशिवाय कुणी माघारी फिरत नाही. हे सगळं एकाच बुधवार पेठेत, पायी फिरता येईल एवढ्या अंतरात आहे. सप्टेंबर २०२४ पासून स्वारगेटहून भुयारी मेट्रोही सुरू झाली. पुढचंच स्टेशन मंडई. तिथं उतरलं की तुळशीबाग समोरच.

हे सगळं फिरून दुपारचे दोन वाजतात आणि पोटात कावळे ओरडायला लागतात. घरून बांधून आणलेली भाकरी सकाळीच संपलेली असते. मग आपण दिसेल त्या हॉटेलात शिरतो. आणि खरी पंचाईत जेवण झाल्यावर होते, बिल आल्यावर.

आमच्याबरोबर काय झालं

मागच्या वर्षी मी, माझी मुलगी आणि वडील, ज्यांना आम्ही तात्या म्हणतो, असे तिघं गेलो होतो. मुलगी अकरावीला. पुस्तकांच्या दोन पिशव्या हातात. चौकापासून आत एका गल्लीत एक बऱ्यापैकी हॉटेल दिसलं, तिथं बसलो. नाव सांगत नाही, कारण असं पुष्कळ ठिकाणी होतं.

जेवण चांगलं होतं. तीन थाळ्या, दोन जादा ताक, एक पाण्याची बाटली. बिल आलं ते असं:

थाळी ३ × २२० = ६६० रुपये
ताक २ × ३० = ६० रुपये
पाणी बाटली १ = ३० रुपये
एकूण = ७५० रुपये
सर्व्हिस चार्ज १० टक्के = ७५ रुपये
सीजीएसटी अडीच टक्के = २०.६३
एसजीएसटी अडीच टक्के = २०.६३
द्यायचे = ८६६ रुपये

माझ्या डोक्यात मेनूकार्डावरचा हिशोब साडेसातशेचा होता. मी बिल उलटंपालटं करायला लागलो. तात्या हळूच म्हणाले, "देऊन टाक आणि चल. उगं गावाकडचं म्हणून हसतील." मी पाकीट काढलं. तेवढ्यात मुलीनं बिल हातात घेतलं आणि काउंटरवर जाऊन म्हणाली, "काका, हा सर्व्हिस चार्ज आम्हाला द्यायचा नाही. तेवढा काढून बिल द्या."

काउंटरवरच्या माणसानं एक शब्द बोलला नाही. दुसरं बिल काढलं, ७८८ रुपयांचं. ७८ रुपये वाचले. भांडण नाही, आवाज नाही. म्हणजे त्याला नियम माहीत होता. माहीत नव्हता तो आम्हालाच.

त्या दिवसापासून मी बिल वाचायला शिकलो. आता तीच एकेक ओळ तुम्हाला सांगतो.

सर्व्हिस चार्ज : हा टॅक्स नाही

सगळ्यात मोठा गैरसमज इथंच आहे. छापील बिलात टॅक्सच्या शेजारी टक्क्यात लिहिलेलं असतं, म्हणून आपल्याला वाटतं की हा सरकारचा पैसा. तसं नाही. सर्व्हिस चार्ज सरकारला जात नाही, तो हॉटेलवाल्याकडेच राहतो.

केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं ४ जुलै २०२२ रोजी याबद्दल सूचना काढल्या. त्यात सरळ म्हटलंय की हॉटेलनं सर्व्हिस चार्ज आपोआप बिलात लावायचा नाही. दुसऱ्या कुठल्या नावानंही घ्यायचा नाही. द्यायचा की नाही ही गिऱ्हाईकाची मर्जी. देत नाही म्हणून कुणाला आत यायला अडवायचं नाही. आणि सर्व्हिस चार्ज बिलात मिळवून त्याच्यावर पुन्हा जीएसटी लावायचा नाही. आमच्या बिलात नेमकं तेच झालं होतं. साडेसातशेवर टॅक्स लागायच्या ऐवजी सव्वाआठशेवर लागला होता.

हॉटेलवाल्यांच्या संघटना याविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या. २८ मार्च २०२५ रोजी न्यायालयानं त्यांच्या याचिका फेटाळल्या आणि या सूचना कायम ठेवल्या.

तेव्हा सरळ सांगायचं, "सर्व्हिस चार्ज काढा." एवढंच. कारण द्यायची गरज नाही.

जीएसटी : पाच टक्के, एसी असो की पंखा

साध्या हॉटेलातल्या जेवणावर जीएसटी ५ टक्के आहे. बिलात तो दोन भागांत दिसतो. अडीच टक्के केंद्राचा (सीजीएसटी) आणि अडीच टक्के राज्याचा (एसजीएसटी). दोन ओळी बघून दोनदा टॅक्स लावला असं समजू नका.

आपल्याकडं अजूनही लोक म्हणतात, "एसीत बसू नको, टॅक्स जास्त लागतो." ते जुनं झालं. २०१७ साली जीएसटी सुरू झाला तेव्हा साध्या हॉटेलला १२ आणि एसीला १८ टक्के होता. १५ नोव्हेंबर २०१७ पासून दोन्हींना ५ टक्केच आहे. मात्र हॉटेलवाला एसी हॉलचे भावच वेगळे ठेवू शकतो. म्हणून आत बसायच्या आधी मेनूकार्ड बघायचं.

१८ टक्के लागतो तो ज्या मोठ्या हॉटेलात राहायच्या खोलीचं भाडं दिवसाला साडेसात हजारांच्या वर आहे, तिथल्या जेवणाला. तिकडं आपण सहसा जात नाही.

छोट्या खाणावळीत टॅक्स लावला तर?

ही गोष्ट फार कमी लोकांना माहीत आहे. सगळ्याच हॉटेलवाल्यांना गिऱ्हाईकाकडून जीएसटी घेता येत नाही.

एक, ज्याची जीएसटी नोंदणीच नाही, त्याला टॅक्स घ्यायचा अधिकार नाही. नोंदणी आहे की नाही हे कसं ओळखायचं? बिलावर जीएसटी नंबर असतो, अंक आणि अक्षरं मिळून १५. महाराष्ट्रातल्या नंबरची सुरुवात २७ नं होते. नंबर नाही आणि टॅक्स लावलाय, तर तो टॅक्स द्यायचा नाही.

दोन, लहान हॉटेलवाल्यांसाठी कंपोझिशन नावाची योजना आहे. वर्षाची उलाढाल दीड कोटीपर्यंत असेल तर तो ही योजना घेऊ शकतो. त्यात तो आपल्या उलाढालीवर ५ टक्के स्वतःच्या खिशातून भरतो आणि गिऱ्हाईकाकडून वेगळा टॅक्स घेऊ शकत नाही. त्याच्या बिलावर 'बिल ऑफ सप्लाय' लिहिलेलं असतं आणि आपण कंपोझिशनमध्ये आहोत, टॅक्स घ्यायला पात्र नाही, असंही लिहावं लागतं. असं लिहिलेल्या बिलात जीएसटीची ओळ दिसली, तर ती चूक आहे.

पाण्याची बाटली : इथं आपण चुकतो

बाटलीवर छापलेत २० आणि बिलात लावलेत ३०. आपल्याला वाटतं हे तर सरळ बेकायदा. मीही काउंटरवर तेच म्हणणार होतो. पण नंतर कळलं की तसं नाही.

डिसेंबर २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की हॉटेलात बसून बाटली घेतली तर तिथं नुसती विक्री नसते. जागा, टेबल, वाढणं ही सेवाही असते. म्हणून हॉटेल छापील किमतीपेक्षा जास्त घेऊ शकतं. दुकानात किंवा टपरीवर मात्र छापील किमतीच्या वर एक रुपयाही घेता येत नाही.

म्हणजे या मुद्द्यावर हॉटेलात वाद घालून उपयोग नाही. त्यापेक्षा वेटरनं "बिसलेरी का साधं?" विचारलं की "साधं" म्हणायचं. लाजायचं नाही. पुण्यातले लोकही साधंच पितात. आणि टेबलावर आधीच ठेवलेली बाटली नको असेल तर झाकण फोडायच्या आधी परत द्यायची.

बसायच्या आधी तीन गोष्टी बघा

पहिली, भिंतीवरचा परवाना. प्रत्येक खाद्य व्यवसायाला अन्नसुरक्षा कायद्याखाली नोंदणी किंवा परवाना लागतो. त्याचा नंबर १४ आकडी असतो आणि तो लोकांना दिसेल असा लावायचा असतो. १ जानेवारी २०२२ पासून हा नंबर बिलावरही छापणं सक्तीचं आहे. जेवणानं त्रास झाला आणि तक्रार करायची वेळ आली, तर याच नंबरावरून हॉटेल सापडतं. म्हणून बिल लगेच फेकू नका.

दुसरी, थाळी कसली आहे. 'लिमिटेड' म्हणजे ताटात येईल तेवढंच, पुढच्या प्रत्येक पोळीचे पैसे वेगळे. 'अनलिमिटेड' म्हणजे पोटभर, पण एका ताटात दोघांना चालत नाही आणि पार्सलही मिळत नाही. लहान मूल बरोबर असेल तर त्याचे किती, हे आधी विचारा.

तिसरी, पार्सलचे पैसे. डब्याचे, पिशवीचे वेगळे लावतात. तेही आधी विचारलेलं बरं.

पैसे मोबाईलवरून देत असाल तर पिन टाकायच्या आधी नाव आणि रक्कम दोन्ही वाचा. गर्दीत ८८ च्या जागी ८८० पडायला वेळ लागत नाही.

खाणावळीचं आणि गावाचं नातं जुनं आहे

पुण्यातल्या पेठांत बाहेर जेवायची चाल हौसेपेक्षा गरजेतून आली. गावाकडची पोरं शिकायला यायची. कुणी माधुकरी मागायचं, कुणी वार लावून जेवायचं, म्हणजे सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या घरी. पुढं खाणावळी वाढल्या. याच बुधवार पेठेत लक्ष्मी रस्त्यावर 'पूना गेस्ट हाऊस' आहे. मूकपटांच्या काळातले दिग्दर्शक नानासाहेब सरपोतदार यांनी ते १९३५ साली सुरू केलं. नाटक-सिनेमातल्या कितीतरी कलाकारांचा तो अड्डा होता. तुळशीबागेतलं श्रीकृष्ण भुवन मिसळीसाठी प्रसिद्ध आहे.

आजही शेजारच्या नारायण आणि सदाशिव पेठेत आपल्या तालुक्यातली पोरं-पोरी स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासासाठी राहतात आणि मेसला जेवतात. त्यांच्या आई-बापांना एवढंच सांगणं : महिन्याचा आगाऊ पैसा दिला की पावती घ्यायला सांगा. सुट्टीचे दिवस, रविवारची संध्याकाळ, गावी आल्यावरचे खाडे धरतात का नाही, हे पैसे द्यायच्या आधी ठरवून घ्यावं. तोंडी बोलण्याला नंतर पुरावा राहत नाही.

ऐकलंच नाही तर कुठं जायचं?

आधी मॅनेजरला शांतपणे सांगा. बहुतेक वेळा तिथंच मिटतं. नाही मिटलं तर भांडत बसू नका. बिल घ्या, त्याचा फोटो काढा आणि निघा.

राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५. फुकट आहे, मराठीत बोलता येतं. अन्न खराब होतं, किडा-आळी निघाली, तर अन्न व औषध प्रशासनाकडं तक्रार करायची.

प्रकरण मोठं असेल तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. २०१९ च्या नव्या कायद्यानं एक मोठी सोय केली. हॉटेल पुण्यात असलं तरी तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी लागत नाही आणि वकील लावलाच पाहिजे असंही नाही.

शेवटचं

मी स्वतः शेतकरी आहे. मंडईत भाव पडला तर आपण दहा-दहा पैशांसाठी अडत्याशी घासाघीस करतो. काट्यावर पाव किलो कमी भरलं तर आवाज चढवतो. आणि हॉटेलात मात्र ७८ रुपये गुपचूप देऊन येतो, कारण तिथं आपल्याला परकं वाटतं. हसतील म्हणून. पण त्या दिवशी कुणी हसलं नाही.

जाताना तात्यांनी कोपरीच्या खिशातून वीस रुपये काढले आणि आम्हाला वाढणाऱ्या पोराच्या हातात ठेवले. तो बीडकडचा होता, जेवताना तात्यांनीच त्याची चौकशी केली होती. मी म्हटलं, "तात्या, आत्ताच तर आपण पैसे वाचवले." तात्या म्हणाले, "ते मागून घेत होते. हे मी देतोय."

सर्व्हिस चार्ज आणि बक्षिशी यातला फरक एवढाच आहे. द्यायचं तर मनानं द्या, नाहीतर काढायला सांगा. आणि पुढच्या खेपेला बुधवार पेठेत गेलात, तर पैसे द्यायच्या आधी बिल एकदा वाचा.