अल्सर, स्लफ, एस्कार: जखमेच्या कागदावरचे शब्द

ज्यांना ऐकायला वेळ मिळाला नाही, त्यांच्यासाठी हा एपिसोड लिहून देतेय. आजचा विषय जरा घरचाच आहे.

गेल्या पावसाळ्यात बाबांना नवी चप्पल चावली. अंगठ्याखाली तळव्याला फोड आला. बाबांना बारा वर्षांपासून शुगर आहे. पाय दुखत नव्हता, म्हणून कुणी फार लक्ष दिलं नाही. शेवटी दवाखान्यात गेले, तेव्हा कागदावर लिहून आलं, 'डायबेटिक फूट अल्सर'. आईचा मला लगेच फोन, "अगं, अल्सर म्हणे! यांचं पोट तर कधी दुखत नाही!"

तेव्हा मी हसले. पण चार दिवसांनी आईने व्हॉट्सॲपवर फोटो पाठवला. जखमेवर काळा, कडक थर आला होता. खाली लिहिलं होतं, "खपली धरली बघ." आणि मीही वर अंगठा दाखवून मोकळी झाले. पुढच्या ड्रेसिंगला सिस्टर म्हणाल्या, "ही खपली नाही, हे मेलेलं मांस आहे. आणखी थांबला असतात तर बोटावर बेतलं असतं."

त्या दिवशी कळलं, आपल्याकडे शब्द होता, पण तो चुकीच्या गोष्टीला लावला होता. म्हणून आज हे शब्द नीट समजून घेऊ.

आधी जखमेचं नाव

अल्सर म्हणजे फक्त पोटातला नव्हे. त्वचेचा किंवा आतल्या अस्तराचा थर जाऊन उघडी पडलेली, लवकर न भरणारी जखम म्हणजे अल्सर. ती पोटात होते, तोंडात होते, पायालाही होते. गंमत म्हणजे आयुर्वेदात याला 'व्रण' म्हणतात. आपण रोजच्या मराठीत व्रण म्हणतो तो जखम भरल्यावर उरलेल्या खुणेला. म्हणजे वैद्यांच्या कागदावर 'व्रण' दिसला, तर जखम भरली असं समजू नका!

बाकीचे पटकन सांगते. खरचटलं तर ॲब्रेजन. मुका मार, म्हणजे कातडी शाबूत पण निळंकाळं, तर कंट्यूजन. ब्लेडने सरळ कापलं तर इन्साइज्ड वूंड. मार लागून कातडी फाटली, कडा वेड्यावाकड्या झाल्या, तर लॅसरेशन. खिळा घुसला तर पंक्चर वूंड. ही वरून छोटी दिसते, पण आत खोल असते. त्यामुळे धनुर्वाताचं इंजेक्शन हवं का, हे त्याच दिवशी विचारायचं.

जखम भरते कशी?

चार टप्पे असतात. पहिला हीमोस्टॅसिस, म्हणजे रक्त थांबणं. साध्या जखमेत हे काही मिनिटांत होतं. दुसरा इन्फ्लमेशन: सूज, लाली, गरमपणा. इथे घोळ होतो. इन्फ्लमेशन म्हणजे इन्फेक्शन नव्हे. पहिले काही दिवस शरीर साफसफाई करत असतं, तेव्हा थोडी सूज येणारच. पण ती कमी न होता वाढत गेली, तर संशय घ्यायचा.

तिसरा प्रोलिफरेशन. जखमेच्या तळातून नवं मांस वर येतं. ते लाल आणि दाणेदार दिसतं, म्हणूनच नाव ग्रॅन्युलेशन. आईला वाटलं, "लाल दिसतंय, बिघडलं वाटतं." खरं तर ओलसर, लाल, दाणेदार तळ ही चांगली बातमी. चौथा रिमॉडेलिंग, हा वर्षभरही चालतो. आणि तरी नवी त्वचा जुनीच्या साधारण ८० टक्क्यांपर्यंतच मजबूत होते. म्हणून भरलेल्या जागीच पुन्हा जखम होऊ शकते.

रंग वाचायला शिका

लाल कळलं. पिवळट, चिकट थर म्हणजे स्लफ. तो पू असेलच असं नाही. त्यात मेलेल्या पेशी वगैरे असतात. काळा, कडक, चामड्यासारखा थर म्हणजे एस्कार. आम्हाला फसवलं ते यानेच. खरी खपली म्हणजे वाळलेलं रक्त आणि लस. ती साध्या जखमेवर धरते आणि खाली कातडी आली की आपोआप पडते. एस्कार म्हणजे मेलेलं मांस.

ते काढण्याला डिब्राइडमेंट म्हणतात. मूळ फ्रेंच शब्दाचा अर्थ 'लगाम काढणं'. मेलेला थर जखमेला अडवून धरत असेल, तर तो काढला की ती भरायला मोकळी होते. पण हे काम डॉक्टरांचं. घरी ब्लेड, कात्री अजिबात नको. काही वेळा कोरडा एस्कार मुद्दाम तसाच ठेवतात, ते त्यांनाच ठरवू द्या.

आणि "उघडी ठेव, हवा लागू दे" हे? १९६२ मध्ये जॉर्ज विंटर यांनी डुकरांवर केलेल्या प्रयोगात, झाकून ओलसर ठेवलेल्या उथळ जखमांवर उघड्या जखमांपेक्षा साधारण दुप्पट वेगाने कातडी आली. आज बहुतेक ड्रेसिंगमागे हाच विचार असतो.

मग आपण काय करायचं?

फोन हातात आहेच. प्रत्येक ड्रेसिंगला एक फोटो काढा, त्याच उजेडात, शेजारी पट्टी ठेवून. "बरी वाटते" यापेक्षा "तीन सेंटिमीटरची दोन झाली" हे डॉक्टरांना जास्त कामाचं. आसपासची लाली किंवा गरमपणा पसरतोय, घाण वास येतोय, ताप आहे, बोट काळं पडतंय, यातलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी दवाखाना. सावळ्या कातडीवर लाली पटकन दिसत नाही, म्हणून हाताची मागची बाजू लावून गरम लागतं का ते पाहा. आणि घरात शुगरचं माणूस असेल तर 'दुखत नाही' यावर विश्वास ठेवू नका. त्यांच्या पायाची जाणीवच कमी झालेली असू शकते.

बाबांची जखम भरायला तीन महिने लागले. बोट शाबूत आहे. आता रोज रात्री आई बॅटरी लावून त्यांचे तळवे बघते आणि मला मेसेज टाकते, "आज काही नाही."

तुम्हीही आज घरी फोन लावा आणि एवढंच विचारा, "पाय बघितले का?" भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. काळजी घ्या!