पाण्याची रेघ

सप्टेंबर 2025 मध्ये सिंदफणा नदीचं पाणी बीड जिल्ह्यातल्या शिरूर कासारात शिरलं. दुष्काळ कसा काढायचा हे इथल्या शेंबड्या पोरालाही कळतं, पण पुरापुढे आम्ही चाचपडलो. तेव्हापासून एक प्रश्न सलतो आहे. आपल्या कष्टांवर आणि संकटांवर या पंचवीस वर्षांत एवढी कला झाली, तिनं आम्हाला कशासाठी तयार केलं?

शतकाचं पहिलं दशक सांगण्यासारखं नाही. भिंती रंगवणारे पेंटर मागे पडले, फ्लेक्स आले, एवढंच.

खरं दशक 2012 नंतरचं. 2012-13, 2015-16, 2018-19 असे दुष्काळ पाठोपाठ आले. दावणीची जनावरं चारा छावणीत गेली, त्यांच्यामागे माणसं गेली. दिवसा चारा-पाणी, रात्री तिथंच हरिपाठ. छावणीतला टाळ हा वेळ घालवायचा उद्योग नव्हता. माणूस खचू नये म्हणून केलेली ती तजवीज होती. 2016 मध्ये पानी फाउंडेशनची वॉटर कप ही जलसंधारणाची स्पर्धा सुरू झाली. पहिल्या तीन तालुक्यांत आपलं अंबाजोगाई होतं. माळरानावर उताराची पातळी धरून फक्कीच्या रेघा मारायच्या आणि त्या रेघेवर गावानं चर खणायचा. मराठवाड्यात त्या दशकात याहून सुंदर रेखाटन मी पाहिलं नाही. ते काढणाऱ्यांत ऊसतोडीला कोयत्यावर जाणारी जोडपीही होती. दिवाळीच्या सुमारास उचल घेऊन निघायचं, कारखान्याच्या फडाजवळ कोपीत राहायचं आणि उन्हाळ्यात परतून चर खणायचा.

याच काळात मराठी कलावंतांनी श्रमाला मोठा मान मिळवून दिला. चंद्रपूरकडच्या सास्तीचे प्रभाकर पाचपुते खाणकामगारांना कोळशानंच रेखाटतात. मुंबईच्या सफाई कामगारांचं जगणं मांडणारं अमोल पाटील यांचं काम 2022 मध्ये जर्मनीत कासेलच्या डॉक्युमेंटा या कलाप्रदर्शनापर्यंत पोहोचलं. छायाचित्रकार संदेश भंडारे यांनी वारी टिपली. या कामाबद्दल मला आदर आहे. राग आहे तो ते पाहायला मुंबई किंवा परदेश गाठावा लागतो याचा. बीडच्या ऊसतोड बायकांची गर्भाशयं काढली जाण्याचा प्रश्न 2019 मध्ये विधिमंडळात गाजला, चौकशी समिती नेमली गेली. त्या बायकांच्या गावात मात्र त्यावरचं एक चित्रही कुणी टांगलं नाही. आमचं दुःख कच्चा माल म्हणून शहरात जातं, उसासारखंच.

आणि आज? पुरानंतर मराठवाड्यात मदतीच्या पिशव्या आल्या, तर त्यांवर पुढाऱ्यांच्या छब्या. संकटातली आमची दृश्यकला आता एवढ्यावर आली आहे.

नारळी सप्ताहाच्या पंगतीत हजारोंना जेवू घालणारा हा मुलूख आहे. चुलवण कुठं, पाणी कोण वाढणार, म्हाताऱ्यांना कुठं बसवायचं, सगळं आधी ठरलेलं असतं. तीच शिस्त पुरासाठी लावता येईल. पेंटर मंडळींना, चित्रकलेच्या शिक्षकांना, सप्ताह कमिट्यांना माझी विनंती आहे: 2025 चं पाणी ज्या उंचीपर्यंत चढलं, तिथं प्रत्येक भिंतीवर ठळक रेघ ओढा. शेजारी वर्ष लिहा, आणि उंचावर जायची वाट बाणानं दाखवा. चिखलाचे डाग पुढच्या रंगरंगोटीत पुसले जातील, त्याआधी हे करा.