हैदराबादची सहल : मुलांच्या कलाने आखा

उन्हाळ्याची सुटी लागली, की वऱ्हाडातील घराघरांत हैदराबादचा विषय हमखास निघतो. पातूरकरांना तर हे शहर नकाशापेक्षाही जवळचे वाटते, कारण गावावरून जाणारा अकोला-संगारेड्डी राष्ट्रीय महामार्ग (क्र. १६१) वाशीम, हिंगोली, नांदेड, देगलूर करीत थेट त्याच्या उंबरठ्याशी नेऊन सोडतो. मात्र वर्षभर साठवलेला पैसा आणि हाती असलेले चार दिवस सार्थकी लावायचे, तर नियोजन मोठ्यांच्या हौसेपेक्षा मुलांच्या शक्तीनुसार व्हायला हवे.

पहिला प्रश्न वेळेचा. मे महिन्यात दुपारच्या उन्हात लहानग्यांना फिरवणे धोक्याचे ठरते. तेलंगणातील शाळा साधारणतः जूनच्या दुसऱ्या आठवड्यात उघडतात, तर विदर्भातील शाळा उन्हामुळे जूनअखेरीस सुरू होतात. एरवी उशिराची वाटणारी ही सुटी येथे उपयोगी पडते. या मधल्या दिवसांत पावसाने हवा निवळू लागलेली असते आणि स्थानिक गर्दीही ओसरते. सोबत छत्री ठेवावी, इतकेच.

पातूरला रेल्वेस्थानक नसल्याने गाडीसाठी अकोला गाठावे लागते. तेथून पूर्णा-नांदेडमार्गे हैदराबादकडे गाड्या जातात. आरक्षण ६० दिवस आधी खुले होते. पाच ते बारा वर्षांच्या मुलाला स्वतंत्र शायिका हवी असल्यास पूर्ण भाडे पडते, हे खर्च मांडताना विसरू नये. स्वतःच्या वाहनाने जाणाऱ्यांनी नांदेडला विसावा घ्यावा. सचखंड गुरुद्वाराचे दर्शनही घडते.

मुलांचे खरे आकर्षण म्हणजे रामोजी फिल्म सिटी. रामोजी राव यांनी १९९६ मध्ये उभारलेल्या या चित्रनगरीची नोंद जगातील सर्वांत मोठे चित्रपट निर्मिती संकुल म्हणून गिनेस बुकात आहे. ती शहरापासून सुमारे ३० किलोमीटरवर, विजयवाडा रस्त्याला आहे. म्हणजे आपण शहरात पश्चिमेकडून शिरतो आणि चित्रनगरी पूर्वेच्या टोकाला! मोटारीने जाणाऱ्यांनी शहरातील कोंडीत न शिरता पाटनचेरूजवळून बाह्य वर्तुळाकार मार्ग धरावा आणि पेद्दा अंबरपेट येथे उतरावे. चित्रनगरीसाठी पूर्ण दिवस राखून ठेवावा व त्या दिवशी दुसरे काहीही जोडू नये. काही खेळण्यांना उंचीची अट असते. ते आधीच सांगितले, तर धाकट्याची रांगेत निराशा होत नाही.

उर्वरित ठिकाणांसाठी वार पाहणे महत्त्वाचे. सालारजंग संग्रहालय शुक्रवारी, तर नेहरू प्राणिसंग्रहालय सोमवारी बंद असते. शनिवार-रविवारी गर्दी फार. त्यामुळे मंगळवार ते गुरुवार हे तीन दिवस सोयीचे ठरतात. एक दिवस चित्रनगरी, दुसऱ्या दिवशी सकाळी प्राणिसंग्रहालय आणि दुपारी संग्रहालयातील प्रसिद्ध घड्याळ, तिसऱ्या दिवशी सकाळी गोवळकोंडा व सायंकाळी हुसेनसागर. गोवळकोंड्याच्या फतेह दरवाजाशी वाजवलेली टाळी वर बाला हिसारपर्यंत ऐकू येते. हा प्रयोग मुलांनी स्वतः करून पाहावा. १५९१ मध्ये बांधलेला चारमिनार सवडीने पाहता येईल.

शेवटची गोष्ट सुरक्षिततेची. प्रत्येक मुलाच्या खिशात पालकांचा भ्रमणध्वनी क्रमांक लिहिलेली चिठ्ठी असावी. चुकामूक झाल्यास कोठे थांबायचे, ते प्रवेशद्वारातच ठरवावे. सकाळी मुलांचे छायाचित्र काढून ठेवल्यास कोणत्या रंगाचे कपडे होते, हे आठवत बसावे लागत नाही. मदतीसाठी ११२ व बालकांसाठी १०९८ हे क्रमांक आहेत.

सारे काही पाहिलेच पाहिजे, हा अट्टहास सोडावा. दमलेल्या मुलाला चार ठिकाणांतले एकही धड आठवत नाही. ताजेतवाने असताना पाहिलेले एकच ठिकाण मात्र ते वर्षभर सांगत राहते.